कच्च्या सोयाबीनचा भरडा

आमच्या गावी, रिठदला, वडिलांनी कोंबडीच्या पिल्लांना कच्च्या सोयाबीनचा भरडा सुरू केला. पिल्लं पोटभर खात, तरी वाळत गेली. त्यांना चारायचं काम माझ्या धाकट्या बहिणीकडे होतं.

“दाना इकून राह्यली का वं?” वडिलांनी तिला विचारलं. ती दाणे चोरून विकते, असा त्यांना संशय होता.

“नाई बाबा, पोटभर खातेत.”

“थे उपाशी, त तूही उपाशी.” त्या दिवसापासून तिला एकच भाकर मिळू लागली.

पिल्लं वाळण्याचं कारण मला जवळच्या मालेगावच्या गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं. आतड्यातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, प्रथिनं पचवतं. कच्च्या सोयाबीनमधला एक पदार्थ त्या विकरालाच जखडतो. भाजल्यावर तो निकामी होतो.

मी हे घरी सांगितलं. वडिलांनी सोयाबीन भाजून भरडलं. पिल्लं अंगानं भरली.

“उपाशी ठेवली, तवा पोरगी सुधरली,” ते शेजाऱ्यांना सांगत. एका भाकरीचा नियम त्यांनी पुढेही चालू ठेवला.