रिकामी जागा

औषधं पुरवणाऱ्या त्या कंपनीत सगळे तिला मधल्या बाई म्हणत. खाली गोदाम, वर कॉम्प्युटर विभाग आणि मधल्या मजल्यावर तिचं टेबल. कामही तसंच, मधलंच. अकरा वर्षांपूर्वी ती आवक-जावक नोंदवायला लागली होती. पुढे वरच्या पोरांच्या मागे लागून प्रोग्रॅमचं कामही शिकली. विक्रीवाले काय म्हणतात ते कॉम्प्युटरवाल्यांना कळत नसे आणि कॉम्प्युटरवाले बोलायला लागले की विक्रीवाले घड्याळाकडे बघत. दोघांचं भांडण तिच्या टेबलापाशी येऊन मिटायचं.

एकदा विक्री-साहेबांनी वर कळवलं, "महत्त्वाच्या ग्राहकांचा माल आधी जाऊ द्या." वरच्यांनी महत्त्वाचे म्हणजे मोठे असं धरलं आणि एक छोटं डायलिसिस केंद्र यादीच्या तळाला गेलं. तिथं रुग्ण ताटकळले. तिनं दोन दिवस गोदामात उभं राहून माल कुठे अडतो ते पाहिलं आणि नियमच नव्याने लिहून दिला. शाबासकी विक्री-साहेबांना मिळाली.

मग एक दिवस फळ्यावर जाहिरात लागली: 'तंत्रज्ञान आणि व्यवसाय, दोन्हींची जाण असलेली व्यक्ती तातडीने हवी.' खाली कामांची यादी होती. तिनं ती दोनदा वाचली. कुणीतरी तिच्यामागे उभं राहून तिचा दिवस उतरवून घ्यावा, तशी. तिनं त्याच दुपारी अर्ज दिला.

"अनुभवाबद्दल प्रश्नच नाही," भरती अधिकारी म्हणाल्या, "पण तुमच्याकडे पदवी कुठली?"

त्यांनी कॉम्प्युटर विभागप्रमुखांना विचारलं, तर ते म्हणाले, त्या विक्रीकडच्या. विक्री-साहेब म्हणाले, त्या कॉम्प्युटरवाल्या.

घरी नवऱ्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "जाऊ दे ना."

"तूही तेच म्हण!" ती ताट सरकवून उठली.

खरी कमाल पुढच्या आठवड्यात झाली. मुलाखतींना प्रश्न विचारायला तिलाच बसवलं. "तुमच्याइतकं हे काम कोण जाणतं?" असं भरती अधिकारीच म्हणाल्या, आणि वर हसल्या. पाच उमेदवार आले. कुणाला मुदत संपलेला माल परत कसा येतो ते ठाऊक नव्हतं, कुणाला माहिती कुठे साठते त्याचा पत्ता नव्हता. शेवटच्या मुलीला मात्र दोन्ही येत होतं. खोलीतले बाकीचे चहाला गेले, तेव्हा त्या मुलीनं विचारलं, "सध्या हे काम कोण करतं?"

"मी."

"मग ही जागा तुम्हाला का नाही?"

तिनं समोरचे कागद जुळवून ठेवले. मुलीनं दुसऱ्या दिवशी नकार कळवला.

त्यानंतर तिनं ठरवलं, बस झालं. आपलं नोंदीचं काम तेवढं करायचं. सोमवारी सकाळी गोदामातून फोन आला, ऑर्डरी अडकल्यात. ती म्हणाली, "ती जागा अजून रिकामी आहे. भरली की कळवतील." वरून फोन आला, त्यांनाही तेच. साडेअकरापर्यंत दोन्ही मजल्यांवर आरडाओरडा चालू होता. तिला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोला.

तीन वाजता गोदामाचे मुकादम स्वतः जिना चढून आले. बावीस वर्षांची नोकरी, गुडघे दुखरे. "बाई, त्या जागेचं मला सांगू नका," धापा टाकत म्हणाले. "इन्शुलिनची खोकी गाडीत पडून आहेत. बर्फ वितळतोय."

तिनं त्यांना आपली खुर्ची दिली आणि उभ्या उभ्याच वीस मिनिटांत चूक शोधली. वर फोन करून दुरुस्ती सांगितली, खाली गाडी सोडायला लावली. खोकी वेळेत पोचली.

शुक्रवारच्या बैठकीत संचालक म्हणाले, "सोमवारची अडचण आपल्याच लोकांनी सोडवली म्हणे. छान! मग ती नवी जागा भरायची गरजच काय? चाललंय की." जागा रद्द झाली. तिनं बोलायला तोंड उघडलं, तोवर विषय गाड्यांच्या टायरांवर गेला होता.

त्या महिन्यात तिनं बाहेर चार ठिकाणी अर्ज करायचे ठरवले. अशा माणसांना सगळीकडे मागणी आहे, असं रोज वाचत होती. तीन ठिकाणांहून पदवी विचारली गेली. चौथ्या ठिकाणी इंटरनेटवर फॉर्म भरायचा होता. त्यात 'आपले क्षेत्र' या रकान्यात दोनच पर्याय होते, तंत्रज्ञान किंवा व्यवसाय, आणि एकच निवडता येत होता. जागा मात्र दोन्ही जाणणाऱ्यासाठीच होती.

तो रकाना कसा दुरुस्त करावा, हे तिनं त्या कंपनीला मुद्देसूद लिहून काढलं. लिहून झाल्यावर स्वतःचाच इतका संताप आला, की न पाठवता तिनं सगळं पुसून टाकलं.