मागच्या सीटवरचं प्लॅस्टिक

नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसायला तुम्ही किती वर्षं थांबाल? मी बारा थांबले. आमच्या शारजाच्या घरात वाळू साठते तसे हे किस्से साठत गेले. कितीही झाडा, सकाळी कोपऱ्यात पुन्हा आहेतच!

पहिली टूरिंग बाइक ब्याण्णव साली आली. आमचे हे लायसन्सच्या तिसऱ्या टेस्टला पास झाले होते. त्याच जोशात म्हणाले, "पहिली ट्रिप फुजैरा! डोंगर ओलांडून थेट समुद्र. तू आणि मी!"

मी लगेच हेल्मेट घेतलं. लाल. मागच्या सीटवर शोरूमचं प्लॅस्टिक तसंच होतं.

"ते काढा ना," मी म्हटलं.

"अगं, सीट खराब होईल!"

"मग मी बसते तशीच."

"घसरशील! जरा थांब."

थांबले.

फुजैराच्या आधी सराव हवा, म्हणून हे आणि शेजारचे पाटकर भावोजी दर शुक्रवारी पहाटे 'लाँग राइड'ला निघायचे. जॅकेट, बूट, हातमोजे. जणू चंद्रावरच चाललेत! एका शुक्रवारी मी ब्रेड आणायला गेले, तर दोन्ही बाइक दोन सिग्नल पलीकडच्या कॅफेटेरियासमोर. आत पराठे चाललेले.

"वहिनी, इंजिन गरम करतोय," भावोजी म्हणाले.

"अडीच तास?"

"टूरिंगचं इंजिन मोठं असतं हो!"

दुसरी बाइक म्हणे खास माझ्या पाठीसाठी घेतली. मागे टेकायला जाड गादी. गादीवर प्लॅस्टिक!

बिल्डिंगमध्ये आम्हाला सावलीतलं एकच पार्किंग. तिथे बाइक, आणि आमची कार जुलैच्या उन्हात. सीटचा चटका बसला की मुलगी ओरडायची, "मम्मा, द बाइक हॅज अ बेटर लाइफ दॅन अस!" मी तिला गप्प करायचे. खरं बोलायचीही एक वेळ असते.

तिसऱ्या बाइकला दोन्ही बाजूंना सामानाचे डबे होते. तेवढ्यात कंपनीने ह्यांना महिनाभर फुजैराच्या बंदरावर पाठवलं. मी कपाटातून लाल हेल्मेट बाहेर काढलं. ह्यांनी पिकअप मागवला!

"घाटात टायर झिजतात गं," म्हणाले.

बाइक पिकअपमध्ये बसून गेली, माझी ठेवणीतली चादर पांघरून. तिचा समुद्रासमोरचा फोटो आला, तो मी फ्रिजवर लावला. पाहुण्यांना सांगायचे, "ही आमची बाइक. हवापालटाला गेली होती!"

मग ह्यांचे गुडघे कुरकुरू लागले आणि बाइक विकायला निघाली. एका फिलिपिनो नर्सने घेतली. जेमतेम माझ्या खांद्याएवढी. गुरुवारी कागद नावावर करून संध्याकाळी ती बाइक न्यायला आली. हे, भावोजी आणि मी निरोपाला खाली उतरलो.

"हेवी बाइक," ह्यांनी तिला बजावलं. "टूरिंग! केअरफुल!"

तिने किलोमीटरचा आकडा पाहिला, मग काळजीने ह्यांच्याकडे पाहिलं. "सो लिटल, सर! यू वेअर सिक?"

भावोजींना एकदम खोकला आला.

तिने मागच्या सीटचं प्लॅस्टिक धरलं आणि टर्रकन ओढून काढलं. ह्यांच्या तोंडून असा आवाज निघाला, जो मुलीचा हात मोडला तेव्हाही निघाला नव्हता!

"टुमॉरो व्हेअर?" मी विचारलं.

"फुजैरा, मॅडम. फ्रायडे ऑफ."

मी वर जाऊन लाल हेल्मेट घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता मी तिच्या मागे बसून फुजैराला गेले.