सांगितलेलं पाणी

अनुसूयाक्कांनी घर घेतलं ते विहीर बघून. १९५८ साल, दिवाळी होऊन गेली होती. शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत, जयनगरात, तेव्हा रस्ते आखून झाले होते, पण नळ कोपऱ्यावर एकच, आणि तोही लहर लागेल तेव्हा वाहणारा. अक्का सरकारी सूतिकागृहात सुईण होत्या. कामावरून आल्या की अंघोळ करून, लुगडं धुऊन मगच चुलीपाशी जायच्या. जुन्या भाड्याच्या घरात पाण्यावरून रोज वाद व्हायचे. घर विकायला काढलेल्या प्रतापरावांच्या परसातल्या विहिरीत वाकून पाहिलं, तर हातभर खाली पाणी चमकत होतं.

तरी त्यांनी विचारलं. त्यांचे यजमान विठोजी शेजारीच उभे होते. "उन्हाळ्यात आटते का हो?"

"मी इथं तीन उन्हाळे काढलेत, अक्का," प्रतापराव म्हणाले. "एकदाही आटली नाही."

प्रतापराव आमच्या समाजातले वडीलधारे. कुणाच्याही लग्नात पहिला नारळ त्यांच्या हातात. अक्कांनी आणखी कुणाला विचारलं नाही. खरेदीखत झालं, संक्रांत नव्या घरात झाली. माझं घर त्यांच्या समोरच, त्यामुळे पुढचं सगळं मी पाहिलं, नाहीतर अक्कांकडून ऐकलं.

शिवरात्रीला विहिरीत गुडघाभर पाणी उरलं. होळीला तळाचा काळा खडक दिसला.

अक्कांना बसवेना. कामावरून आल्या की पायातल्या चपला न काढता परसात जायच्या, आत वाकून बघायच्या, परत यायच्या, पुन्हा जायच्या. कोपऱ्यावरच्या नळाला लावलेली घागर भरायच्या आत तिथेच ठेवून त्या पुन्हा विहिरीकडे निघायच्या. विठोजी शांत माणूस. ते म्हणत, आपलीच माणसं आहेत, बोभाटा कशाला, स्वल्प दिवस थांबू. अक्का प्रतापरावांकडे दोनदा जाऊन आल्या. पहिल्यांदा ते म्हणाले की यंदा पाऊसच कमी झाला. दुसऱ्यांदा आत निरोप गेला आणि ते घरात नाहीत असा निरोप बाहेर आला. त्यांच्या चपला दारातच होत्या.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी अक्का प्राणेश वकिलांकडे गेल्या. प्राणेशांच्या पत्नीची दोन्ही बाळंतपणं अक्कांनीच केली होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खरेदीखत वाचलं. त्यात विहिरीबद्दल एक शब्द नव्हता. पण तोंडी फसवणूक झाली असेल तर कागद तिला झाकू शकत नाही, असं ते म्हणाले. मग त्यांनी एक गोष्ट विचारली, जिने अक्कांची झोप उडवली.

"प्रतापरावांना माहीत होतं का?"

त्यांनी समजावून सांगितलं. माणूस खरं मानून चुकीचं बोलला, तर ती चूक. मग कोर्ट म्हणणार, तुम्ही शेजारीपाजारी चार लोकांना विचारलं असतं तर कळलं असतं. पण खोटं आहे हे ठाऊक असून बोलला, तर ती लबाडी. लबाडी करणाऱ्याला तुम्ही चौकशी का केली नाही असं म्हणता येत नाही. आणि एक ताकीद त्यांनी दिली: कोर्टाचा माणूस येऊन मोजमाप करेपर्यंत विहिरीला हात लावायचा नाही. खोल करायची नाही, गाळही काढायचा नाही.

म्हणजे कोरडी विहीर तशीच ठेवून बसायचं. अक्कांना दुसरी कुठलीही शिक्षा चालली असती. त्या रविवारपासून त्यांनी विहीर कुणी खणली याचा शोध सुरू केला. शेजाऱ्यांकडून एवढंच कळलं की ती मागच्याच उन्हाळ्यात खणली. त्याआधी प्रतापराव कोपऱ्यावरच्याच नळावर यायचे. तीन उन्हाळ्यांची गोष्ट तिथेच कोसळली. पण प्राणेश म्हणाले, एवढ्याने भागणार नाही, विहीर आटेल हे त्यांना ठाऊक होतं हे दाखवायला हवं.

दगड फोडणाऱ्यांच्या वस्त्या हिंडत अक्कांनी पाच रविवार काढले. पाचव्या रविवारी लालबागेच्या पलीकडे मुनियप्पा सापडला. त्याने ओळखलं. तीस फुटांवर खडक लागला होता, तो म्हणाला. खाली सुरुंग लावायलाच हवा, वरचं पाणी पावसाचं आहे, फाल्गुनात जाईल, असं त्याने प्रतापरावांना दोनदा सांगितलं होतं. त्यांनी काम तिथेच थांबवलं होतं. कोर्टात हे सांगशील का, असं अक्कांनी विचारलं. मुनियप्पा बराच वेळ छिन्नीला धार लावत राहिला आणि मग म्हणाला, "सरी. सांगतो."

खटला दोन वर्षं चालला. तेवढ्या काळात समाजातल्या बायकांनी अक्कांना हळदीकुंकवाला बोलावणं सोडलं. विठोजी मात्र बदलले. साक्षीच्या पिंजऱ्यात प्रतापरावांचे तीन उन्हाळे त्यांनी शब्दन् शब्द सांगितले, आवाज न चढवता. मुनियप्पाही आला, धुतलेला शर्ट घालून.

घर परत देऊन पैसे घ्यायचा हक्क अक्कांना होता. प्राणेशांनी तसं सुचवलंही. अक्का नाही म्हणाल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं: प्रतापरावांनी पाणी आहे म्हणून सांगितलं, तर आता पाणी आणून द्यावं. प्राणेश हसले, आणि म्हणाले की कायदाही हे मागू देतो. जे सांगितलं ते खरं असतं तर तुम्ही जिथे असता, तिथे तुम्हाला नेऊन ठेवायचं. निकाल तसाच लागला. विहीर खोल करण्याचा सगळा खर्च प्रतापरावांवर बसला.

सुरुंग लागत होते त्या दिवशी ते परसाच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. आत आले नाहीत. मी सुरुंगाचं काम बघायला येऊन भिंतीपलीकडे उभी होते.

"मला वाटलं होतं, टिकेल पाणी," ते म्हणाले.

"वाटलं होतं तर 'वाटतं' म्हणायचं होतं," अक्का म्हणाल्या. "तुम्ही 'एकदाही आटली नाही' म्हणालात."

प्रतापराव फाटकावरूनच परत गेले. अठ्ठेचाळीस फुटांवर झरा लागला. मुनियप्पाने खालून ओरडून सांगितलं. विठोजींनी गूळ आणला, सगळ्यांना वाटला. अक्कांनी एक खडा तोंडात टाकला आणि उभ्याउभ्याच कामाला निघाल्या; सूतिकागृहातून कधीचं बोलावणं आलं होतं.