टँकरवर मागे राहिलेला मामा

माझा मामा लढाईच्या काळात पेट्रोलच्या टँकरवर पंपवाला होता. जहाजाच्या पोटातल्या टाक्या, नळ, झडपा, सगळं त्याच्या ताब्यात. माणूस इतका अबोल की घरात असून नसल्यासारखा. नोकरी सुटल्यावर आमच्याच मागच्या खोलीत राहायला आला. आई स्वतःच्या सख्ख्या भावाचं ताट वाढायला विसरायची आणि हा पठ्ठ्या पाणी पिऊन मुकाट्याने झोपायचा. मला भयंकर राग यायचा. "मामा, तोंड शिवलंय का तुझं?" म्हटलं की नुसता हसायचा.

एकदा मी हात धुऊन मागेच लागले, तेव्हा त्याने हे सांगितलं.

पहाटे पाणबुडीचा टॉर्पेडो जहाजाच्या पुढच्या अंगाला लागला. पेट्रोल पसरू नये म्हणून मामा खाली झडपा आवळत बसला. वर कप्तानाने जहाज सोडायचा हुकूम दिला, तो खाली ऐकूच आला नाही. मामा वर येतो तो दोन्ही होड्या लांब गेलेल्या. त्याने हाका मारल्या, अंगातला शर्ट काढून हलवला. कुणी वळून पाहिलं नाही. थोड्या वेळाने दुसरा टॉर्पेडो मागच्या बाजूला भगदाड पाडून गेला. जहाज कललं, पण बुडालं नाही. झडपा टिकल्या होत्या.

मग दिवसभर हा एकटा. स्वयंपाकघरात अख्ख्या जहाजाचं सामान भरलेलं, पण पेट्रोल सांडलेलं, काडी ओढायची सोय नाही. शिळा पाव चावत कठड्याशी बसला.

"मरणाचं काही वाटलं नाही गं," मामा म्हणाला. "मी नाही हे त्यांच्या लक्षात येईल, मग न्यायला येतील, एवढीच आशा होती." आल्यावर कुणाला काय सुनवायचं तेही ठरवून ठेवलं होतं म्हणे. जन्मात कुणाला एक वावगा शब्द न बोललेला माणूस.

संध्याकाळी दोन्ही होड्या खरंच परत आल्या. मामाला भरून आलं. त्याने दोर सोडले, एकेकाला हात देऊन वर घेतलं. सगळे थंडीने काकडत होते. होड्यांत पाणी भरत होतं आणि जहाज अजून तरंगताना दिसलं, म्हणून ते आले होते. दुसऱ्या होडीतून वर येता येता जहाजाचा मिस्त्री मामाला म्हणाला, "तू कप्तानाच्या होडीत होतास ना?"

"आणि तू काय म्हणालास?" मी उसळून विचारलं.

"हो म्हणालो."

"अरे, पण का?"



"नाही म्हटलं असतं तर मला कुणी शोधलंच नव्हतं, हे सगळ्यांसमोर आलं असतं. त्यापेक्षा होडीत होतो, हे बरं."