काहीही न विचारणारी फ्लॉपी

नोएडाच्या ऑफिसात नव्या कम्प्युटरांचे खोके येऊन पडले आणि प्रत्येकात विंडोज टाकायचं काम माझ्या गळ्यात आलं. दर यंत्रासमोर बसून तेच प्रश्न: डिस्क पुसू का? भाषा कोणती? नाव काय? मी जन्माचा आळशी. म्हणून अशी फ्लॉपी बनवली की ती घालून यंत्र चालू केलं, की ती आधी डिस्क पुसणार, मग सीडीवरून विंडोज चढवणार आणि सगळी उत्तरंही स्वतःच देणार. कुणाला काही विचारणार नाही. या गुणावर तर मी बेहद्द खूश!

रविवारी घरी बसून तिच्यात शेवटची सुधारणा केली. सीडी आणि फ्लॉपी दोन्ही कम्प्युटरातच विसरलो.

त्याच कम्प्युटरवर माझे सासरे, निवृत्त सुभेदार, हिवाळाभर एका बोटानं टाइप करत होते. पलटणीतले जे सोबती परत आले नाहीत, ते कुठल्या गावचे, कसे हसायचे, असं सगळं. त्या सोबत्यांच्या घरी पाठवायचं होतं.

सोमवारी दुपारी ऑफिसात फोन आला.

"जावईबापू, बत्ती गेली होती. आल्यावर बटण दाबलं. यंत्र फार शिस्तीचं हो तुमचं! एकटंच कवायत करतंय. मी चहा घेऊन बघत बसलोय."

"बाबा, पडद्यावर काय आहे?"

"निळा रंग. टक्के वाढतायत."

टक्के वाढतायत म्हणजे पुसून झालेलं होतं.

करोल बागेतल्या दुरुस्तीवाल्यानं डिस्क परत दिली. "साहब, इसमें अब सिर्फ विंडोज है." दुसरी प्रत नव्हती. प्रतीसाठी आणलेल्या कोऱ्या फ्लॉपीवरच तर मी माझी अक्कल चढवली होती.

सासरे ओरडले नाहीत. इतकंच म्हणाले, "आमचा पहाऱ्यावरचा संत्रीसुद्धा आधी विचारतो, थम, कौन आता है. मग बंदूक."

आता ते सांगतात, मी टाइप करतो. दर ओळीला विचारतो, "बाबा, हे ठेवू?" बायको म्हणते, "आता बरं विचारणं सुचतंय!"

परवा एका जवानापाशी ते अडले. त्याचं गाव काही आठवेना.

"आधी लिहिलं होतं मी. तुम्ही वाचलं असेल ना?"

हिवाळाभर त्यांच्या पाठीमागून ये-जा करत होतो. एकही ओळ वाचली नव्हती.