मोरे मास्तरांचं आरमार माझ्या खळ्यात

ज्या माणसाच्या अंगावर मी झाडू घेऊन धावले होते, तो आज सकाळी मेला.

मोरे मास्तर. आमच्या बंदरावरच्या शाळेत चौथीला इतिहास शिकवायचे.

मी दुसरी पास. चुका काढू नका. खाली रडके इमोजी पण टाकू नका, मला मजेची गोष्ट सांगायची आहे.

माझी नात सायली तेव्हा चौथीत. घरात तोंडाचा पट्टा चालू, शाळेत मुकी. पहिलीपासून वर्गात एक शब्द नाही!

तिच्या बापानं, म्हणजे माझ्याच पोरानं, ठरवून टाकलं. होळीपर्यंत बोलली नाही तर इथली शाळा बंद, पनवेलला मावशीकडं धाडायची.

मास्तर म्हणाले, "होळीपर्यंत वेळ आहे ना? मग आत्ताच टेन्शन कशाला?"

होळी तोंडावर आली. पोरगी गप्पच.

आणि एका सकाळी बघते तर काय! माझ्या खळ्यात, जिथं मी जवळ्याची बारीक मासळी सुकवते, तिथं मास्तर चुन्यानं दोन मोठी गलबतं आखतायत. अख्खी चौथी भोवती उभी!

मी जवळ्याच्या पाट्या घेऊन ताटकळतेय, ऊन वर चढतंय.

"ओ मास्तर, इतिहास पुस्तकात असतो, माझ्या खळ्यात न्हाय!"

"मावशी, अर्धा तास द्या. वर्गात गलबत मावत नाही."

"होडीत बसलात की ओकता, आणि आरमार शिकवता व्हय?"

पोरं खिदळली. मास्तरही हसले. माणगावकडचा, समुद्रापासून लांबचा माणूस, खरंच ओकायचा.

महाराजांच्या गलबतात सगळी पोरं. शत्रूच्या गलबतात जायला एक तयार नाही.

मी झाडू उचलून धावले तशी मास्तर ओरडले, "आला रे शत्रू! धरा!"

धरलं की हो मला! माझ्याच खळ्यात मी कैदी!

"शाब्बास! लढाई जिंकलात. आता पुढं काय कराल?" मास्तरांना वाटलं, पोरं झेंडा लावतील.

पोरं म्हणाली, "म्हावरा किती गावला?"

माझ्या पाट्या मधोमध ओढल्या आणि वाटे घालायला बसली. बाप किनाऱ्याला लागले की करतात तस्सं!

"अरे, लढाई जिंकलीय, मासे नाही मारले!" कोण ऐकतंय?

तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या झालेल्या पोरानं पहिली पाटी स्वतःकडं ओढली.

तेवढ्यात आवाज आला.

"ए! पयला वाटा होडीचा! मंग जाल्याचा! मंग मानसांचा! तांडेल झालास म्हनून काय पयला घेशील?"

सायली!

माझ्या हातातला झाडू पडला. वाटलं, आता मास्तर टाळ्या वाजवणार आणि ही परत गोगलगायीसारखी आत जाणार.

मास्तरांनी साधं कौतुकसुद्धा केलं नाही. सरळ विचारलं, "मग महाराजांचा वाटा किती?"

"ते होडीवर होते?"

"नव्हते."

"होडी कोनाची?"

"महाराजांची."

"मंग होडीचा वाटा त्यांचा! यात इचारायचं काय?"

मास्तर मटकन खाली बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग तिथंच महाराजांचा खजिना, खलाशांचे पगार, सगळं शिकवलं. सायली मधे मधे भांडत होती.

मी म्हटलं, "आणि माझा वाटा?"

नात म्हणते, "शत्रूला न्हाय!"

त्या दिवशीचा जवळा नीट सुकला नाही, वास मारला. मारू दे. पोरगी पनवेलला गेली नाही.

आता ती अकरावीला आहे.

आज दुपारी मास्तरांना नेण्याआधी गाव जमला. दोन शब्द बोला म्हटल्यावर मोठमोठी माणसं घसा खाकरत उभी.

ही पुढं झाली आणि सुरू! गलबत, वाटे, आजी कैदी, काही सोडलं नाही. माणसं रडता रडता हसायला लागली. आणि ही थांबेना!

शेवटी मीच तिचा हात धरला.

"पुरे गो आता. मास्तरांना उशीर होतोय."

जा मास्तर, सावकाश जा. मनापासून नमस्कार.