लायटर पेटवण्याआधी

सकाळी साडेसहाला समोरच्या दारातून सुमनताईंची हाक येते, "येता का जरा, वास घ्यायला?" दोन वर्षांपूर्वी ताप आला, त्यात त्यांना वास येणं बंद झालं ते कायमचंच. घरात त्या एकट्याच असतात. मी शेगडीपाशी वाकून हुंगतो, "काही नाही" म्हणतो, आणि मगच त्या लायटर उचलतात.

गॅसचा पाइप बसवायला आलेल्या माणसाने मला सांगितलं होतं, की हा वायू समुद्राच्या तळाखाली तेलासोबत सापडतो आणि त्याला स्वतःचा वासच नसतो. गळती कळावी म्हणून तो उग्र वास मागाहून मिसळतात. युगानुयुगं अंधारात दडून बसलेलं हे काहीतरी आज आमचा चहा उकळतं, पोळ्या भाजतं, आणि उद्या घरभर पसरलं तर आपणहून सांगणारही नाही. एकटेपणात मात्र असा वास कुणी मिसळून ठेवलेला नाही. तो एकटेपणा समोरच्या घरात किती साठलाय, हे मला इतकी वर्षं कुठे कळलं होतं?

आज मला सर्दी होती, नाक पार चोंदलेलं. तरी सवयीने वाकलो आणि सवयीनेच "काही नाही" म्हणालो. लायटरचा खटका वाजला, निळी ज्योत उठली, आणि तेव्हा कुठे लक्षात आलं, की आज गॅस गळत असता तरी मला कळलं नसतं.

"तुम्ही आहात म्हणून निर्धास्त आहे हो मी," आधण ठेवत सुमनताई म्हणाल्या.

चोंदलेलं नाक लपवत तो चहा मी प्यायलो.